घट, नव्वद ग्रॅम

‘मेशिल,’ ती म्हणाली.
मला वाटलं येशील, नेशील,
तसलं काहीतरी विचारतेय बाई.
मग तिने मोबाईलवर चित्र दाखवलं:
हिरवं, लहान, आवळ्याहून गोल,
अंगावर बारीक लव.

तुर्भ्याच्या फळबाजारात एकतीस वर्षं मापाडी आहे मी.
काट्यावरून काय गेलं नाही?
हापूस, तोतापुरी, नागपुरी संत्रं,
किवी, ड्रॅगन, बोटीने आलेलं सफरचंद.
मेशिल नाही.

ऐरोलीत राहते म्हणाली, नवरा कोरियन कंपनीत.
नाव सुन-रे. आडनाव ओ.
हणमंत पाठीवरची पेटी न उतरवताच हसला,
‘हाक मारायच्या आधीच ओ!’

जूनमध्ये हिमाचलचं आलुबुखार आलं,
त्यात दोन पेट्या दगडासारख्या कच्च्या.
दलालाने पायाने बाजूला सारल्या.
मी फोन केला.
ती रिक्षा करून आली, पेटीत नाक खुपसलं,
आणि मान अशी हलवली
की हे ते नव्हे, पण चालेल.
पाटणहून आलो तेव्हा
मीही पुष्कळ चालवून घेतलं होतं.

‘फळ, साखर, बरोबर,’ ती म्हणाली.
मला वाटलं, सोबत.
तिला म्हणायचं होतं, समसमान.
चार किलो फळ, चार किलो साखर.
ती काट्याकडे बघत होती.
मी अंगठा खिशात घातला.

बायको माझी चिपळूणची.
कोकमाच्या वाट्यांत साखर भरून
गच्चीवर बरणी ठेवणाऱ्या घरातली.
ती म्हणाली, ऊन दाखवल्याशिवाय काय मुरतं?
सुन-रे म्हणाली, अंधार.
काडीने एकेक देठ टोकरत
दोघी आमच्या कोपरखैरण्याच्या खोलीत बसल्या
दुपारभर.
भाषा दोन, हेका एक.

जुलैच्या मध्यावर ती बरणी मांडीवर घेऊन आली.
नवऱ्याची बदली. विमानात हे चालत नाही.
सोबत एक कागद:
एक्केचाळीस रेघा मारलेल्या,
खाली शंभराचा आकडा, भोवती गोल.
उरलेल्या एकोणसाठ
माझ्या.

मग रोज कामावरून आलो
की आधी झाकण सैल करायचं.
फुस्स.
मग लाकडी पळी तळापर्यंत घालून
बसलेली साखर उठवायची.
साठाव्या दिवशी साखर दिसेनाशी झाली.
फळं वर आली, हिरवी होती ती खाकी झाली,
सुरकुतली, हलकी झाली.
सत्तराव्या दिवशी खोलीला वास यायला लागला,
शेजारचे थोरवे विचारून गेले,
‘काय, घरीच पाडता की काय?’

शंभराव्या दिवशी बरणी काट्यावर ठेवली.
रिकाम्या बरणीचं वजन वजा.
सात किलो नऊशे दहा.

बाजारात याला घट म्हणतात.
माल वाटेत सुकतो, सांडतो, श्वास टाकतो,
आणि ती घट
शेतकऱ्याच्या पट्टीतून कापतात.
एकतीस वर्षं मी आकडा सांगितला,
कुणाच्या नावावर पडतो ते पाहिलं नाही.
ही नव्वद ग्रॅम कुणाच्या नावावर घालू?
फळाने सगळं दिलं. साखरेने सगळं दिलं.
रोज संध्याकाळी झाकण मी उघडलं.
कागदावर लिहिलं:
घट, नव्वद ग्रॅम. माझ्याकडे.

रस गाळून चमचाभर गार पाण्यात घातला.
कैरी नाही. कोकम नाही.
आंबट आधी येतं,
गोड मागाहून, दारातच थांबून विचारल्यासारखं.
हणमंतने ग्लास पालथा करून थेंब झटकला.
‘मामा, हे कुठलं?’
म्हटलं, हिमाचलचं.
मग म्हटलं, नाही, ऐरोलीचं.

बाटल्यांचा फोटो तिला पाठवला.
रात्रभर काही नाही.
सकाळी मराठीत एकच अक्षर:
ओ.

आता हे तिचं आडनाव,
की आश्चर्य,
की ती हाक ऐकत होती,
ते मला कळलं नाही.

सुरकुतलेली फळं बायकोने आमटीत घातली.
म्हणाली, चांगलं झालंय.
पण पुढच्या खेपेला
दोन दिवस का होईना,
ऊन दाखवू.